दाढी उतरवून पाहिलेला तांबडा समुद्र

बारावीचा शेवटचा पेपर देऊन सना घरी आली, बॅग सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "अब्बा, यू प्रॉमिस्ड."

प्रॉमिस मी केलं होतं हे खरं. ती आठवीत असताना. तेव्हापासून तिच्या खोलीच्या भिंतीवर प्रवाळांची चित्रं आहेत, कपाटाच्या दारावर माशांची. मी म्हटलं होतं, बारावी होऊ दे, नेतो. मुली विसरतात असं मला वाटायचं. आता जूनमध्ये ती रत्नागिरीला जाणार, मत्स्यशास्त्र शिकायला, आणि जाण्याआधी तिला एकदा पाण्याखाली डोकं घालून ते सगळं खरोखर बघायचं होतं.

आम्ही सौदीत, जुबैलला राहतो. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचा, शाळा गावातलीच. घरी आम्ही आमची कोकणी बोलतो, सना उत्तर इंग्रजीत देते. बावीस वर्षं कंपनीच्या बसमधून रोज समुद्र पाहिला, पण कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या फिरायच्या रस्त्यालगत, पावलं भिजवण्यापलीकडे त्यात उतरलो नाही. शिफ्ट, झोप, नमाज, पुन्हा शिफ्ट. माणूस कामाला आला की समुद्र खिडकीतच राहतो.

सनानं सगळं बुकिंग फोनवर केलं. आधी रियाधजवळची गोड्या पाण्याची गुहा, मग विमानानं जेद्दा आणि तिथून वर किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या किनाऱ्यावर प्रवाळ. दोन्हीकडे गाईड, दोन्हीकडे मास्क, लाइफ जॅकेट त्यांचंच. गुहेचे माणशी दीडशे रियाल, बोटीचे तीनशे. एकच अट होती आणि ती तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. अठराच्या खालच्या मुलांबरोबर पाण्यात पालक हवा. नुसता काठावर नाही, पाण्यात, जोडीनं.

"म्हणजे तू नायतर मम्मी," सना म्हणाली.

"मम्मीचं नाव काढू नकोस," नसीम, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते. तुझ्या अब्बांना ने. खाडीतला माणूस आहे."

खाडीतला माणूस शेवटचा पोहला त्याला तीस वर्षं झाली होती. तरी मी मान डोलावली.

गुरुवारी दुपारी निघालो. जुबैल ते रियाध गाडीनं पाच तास धरा. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे वाळू, मध्येच तारेच्या कुंपणापलीकडे उंट. पेट्रोल पंपांवर मशीद, स्वच्छतागृह आणि करक चहा एकाच जागी मिळतो, त्यामुळे संध्याकाळच्या नमाजाला, मगरिबला, थांबलात की सगळीच कामं होतात. नसीमनं घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. गाडीत चटणीचा वास सुटला तेव्हा सनानं खिडकी खाली केली आणि नंतर सगळ्यात जास्त तिनंच खाल्ली. रात्री रियाधला माझ्या एका जुन्या मित्राकडे मुक्काम केला. पुण्याचा आहे, बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. त्यानं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे वा, दाढी! आता तू इथला वाटतोस. पूर्वी आमच्यातला वाटायचास."

या दाढीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्लांटवर माझं काम अशा भागात होतं जिथं विषारी वायू सुटू शकतो. तिथं गळ्यात मास्क असतो आणि मास्कच्या कडेखाली केस चालत नाहीत. एक केस मधे आला तरी हवेला वाट मिळते. दर वर्षी फिट टेस्ट होते. मास्क लावायचा, डोक्यावर टोपडं घालतात आणि आत एक कडू फवारा सोडतात. जीभ कडू झाली तर मास्क गळतो, तुम्ही नापास. म्हणून एकवीस वर्षं मी रोज पहाटे गुळगुळीत दाढी केली. माझे वडील, चुलते, गावच्या मशिदीतले सगळे दाढीवाले. मशिदीत नमाजाच्या रांगेत उभा राहिलो की माझा हात आपोआप हनुवटीवर जायचा. कुणी काही बोलत नसे. मलाच वाटायचं. गेल्या वर्षी गुडघ्यामुळे मला परमिट ऑफिसात, टेबलाच्या कामावर घेतलं. त्या दिवसापासून मी वस्तरा उचलला नाही. आठ महिन्यांत चांगली मूठभर झाली होती. नसीम म्हणायची, "अर्धी सफेत, अर्धी काळी, बकरीसारखी." पण ईदला तिनंच अत्तर लावून दिलं.

शुक्रवारी सकाळी, जुम्मा गाठता यावा म्हणून सहालाच, गुहेकडे निघालो. रियाधहून खर्जच्या बाजूला. नेमकी खूण मी मुद्दाम देत नाही. एकट्यानं जाऊ नये अशी ती जागा आहे आणि कधी उघडी असते, कधी बंद, हे गाईडलाच माहीत. बाहेरून बघाल तर काहीच नाही. उघडा डोंगर, त्याच्या पायथ्याला मोठं भोक. आमचा गाईड, तुर्की नावाचा पंचविशीतला सौदी मुलगा, हेल्मेट देता देता म्हणाला, "शूज घट्ट बांधा. उतार आहे."

मी खाली डोकावलो. सवय कुठे जाते. विचारलं, "आत ऑक्सिजन कोणी मोजला?"

सनानं कपाळावर हात मारला. "अब्बा, प्लीज. इट्स अ केव्ह, नॉट युअर प्लांट."

उतार खरंच कठीण आहे. सुटे दगड, मध्ये दोर. माझ्या गुडघ्याला अर्धा तास लागला. नसीम वरच सावलीत तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसली. पण खाली पोहोचलो आणि दुखणं विसरलो. वर वाळवंट तापत होतं आणि इथं डोंगराच्या पोटात पाणी होतं. इतकं स्वच्छ की पहिल्यांदा मला ते दिसलंच नाही. मी कोरड्या दगडावर म्हणून पाय ठेवला आणि घोट्यापर्यंत बुडालो. गुहेच्या तोंडातून प्रकाशाचा पट्टा खाली यायचा तिथं पाणी निळं होतं, बाकी ठिकाणी काचेसारखं. छतातून एक थेंब पडला की सगळी गुहा ऐकत असे. मी ओंजळ भरून वास घेतला. काही नाही. नुसतं पाणी. मनात आपोआप अल्हमदुलिल्लाह आलं.

तुर्कीनं मास्क काढले. अख्ख्या चेहऱ्यावर बसणारे, वर श्वासाची नळी. नवशिक्यांना सोपे म्हणून हेच आणतो, म्हणाला. तो मास्क मला ओळखीचा होता. हनुवटीखालून वर जाणारी रबराची कड, मागे पट्टे. प्लांटवरचाच जणू. मी पट्टे आवळले, सनाचा हात धरला आणि तोंड पाण्यात घातलं.

दोन श्वास बरे गेले. तिसऱ्याला हनुवटीपाशी गार लागलं. चौथ्याला ओठांवर पाणी. कडू नव्हतं, गोड होतं, पण गळती ती गळतीच. पुढचा श्वास मी पाण्याचाच घेतला. उभा राहिलो तेव्हा ठसका थांबेना. पाणी कमरेएवढं होतं. खाडीतला माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडायला निघाला होता.

तुर्कीनं पट्टे पुन्हा बसवले. पुन्हा तेच. मग तो दाढीकडे बोट दाखवून हळूच हसला. "अंकल, इथून येतंय."

"मी मास्कशिवाय उभा राहतो," मी म्हटलं. "तिला जाऊ दे."

"तुम्हाला पाण्याखालचं दिसलं नाही तर तिला कोण बघणार? सॉरी, अंकल. नियम आहे."

त्याचं बरोबर होतं. मीही एकवीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो आहे. बाकीचे सहा-सात जण दिवे घेऊन आत पोहत गेले. सना काठावर पाय सोडून बसली आणि त्यांच्या दिव्यांचे पिवळे ठिपके पाण्याखाली लांब जाताना बघत राहिली.

"इट्स ओके, अब्बा," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी रियाधहून जेद्द्याला उडालो. गाडी मित्राच्या इमारतीत ठेवली. वाचणाऱ्यांना एक सोय सांगून ठेवतो. जेद्दा विमानतळातच हरमैन ट्रेनचं स्टेशन आहे आणि ती इकॉनॉमिक सिटीला थांबते, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. ट्रेन वाऱ्यासारखी जाते आणि आत इतकी शांतता की नसीमला डब्यातलं उरलेलं घावण काढायची लाज वाटली. मक्केचा उमरा आम्ही रमजानात केला होता, त्यामुळे या वेळी फक्त समुद्र. शहर नवं, रस्ते रुंद, माणसं कमी. हॉटेल साधं, पण खिडकीतून पाणी दिसत होतं. जेवायला सयादिया मिळाली, म्हणजे तळलेला मासा आणि कांद्यावर तपकिरी केलेला भात. दोन प्लेटमध्ये तिघांचं पोट भरतं. सना जेवली नाही फारशी.

"उद्या तरी उतरायला देतील ना?" नसीमनं मला विचारलं, सना हात धुवायला गेली तेव्हा.

"देतील."

"नायतर पोर रत्नागिरीला जाईल आणि चार वर्षं पुस्तकातले मासे बघेल."

येताना हॉटेलजवळच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पाणी घ्यायला थांबलो. पाण्याबरोबर एक रेझर घेतला आणि खिशात ठेवला.

शनिवारी पहाटे फजरची नमाज खोलीतच पढलो. दोघी पुन्हा झोपल्या. मी जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, बसून राहिलो. कुणाला विचारायचं असतं तर गावच्या मौलानांना फोन करता आला असता. ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं आणि माझं काय ठरलंय तेही. म्हटलं, या अल्लाह, पोटासाठी एकवीस वर्षं दाढी काढली, तू माफ केलंस असं मी समजतो. आज पोरीसाठी काढतो. मग न्हाणीघरात गेलो.

आधी छोट्या कात्रीनं कापली, मग साबण. हात काही विसरला नव्हता. कानापासून खाली, हनुवटीला वळसा, गळ्याकडून वर. बेसिनमध्ये काळं-पांढरं साचलं ते कागदात गुंडाळलं. आरशातला माणूस मला शिफ्टला निघालेला दिसला. जबड्यावर हात फिरवला, एक खुंट राहिला नाही याची खात्री केली, तीनदा. फिट टेस्ट पास.

बाहेर आलो तेव्हा सना बिछान्यात उठून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

"अब्बा! व्हॉट डिड यू डू?"

"मास्क गळायचा."

"अल्ला," नसीम म्हणाली. ती जवळ आली, माझ्या गालाला बोट लावलं, जसं भांडं घासलं गेलंय का बघतात तसं. मग एवढंच बोलली, "परत येईल. चला, उशीर होतोय."

धक्क्यावर बोट लागलेली होती. गाईड पुढे आला, हात मिळवला, नाव सांगितलं, अबू सालेम. साठीचा माणूस, या किनाऱ्यावरच्या मासेमाऱ्यांच्या घरातला, हिंदी आमच्या केरळवाल्या खलाशांबरोबर शिकलेला. आणि त्याची दाढी छातीपर्यंत.

मी त्या दाढीकडे बघत असतानाच त्यानं पिशवीतून मास्क काढले. छोटे. डोळे आणि नाक झाकणारे, एवढेच. नळी वेगळी, दातांत धरायची. तो मास्क जिथं संपतो तिथून खाली दाढीचं राज्य सुरू होतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सनाला हे माझ्याआधी कळलं. ती माझ्याकडे बघेना. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय कळेना, मग कळलं, दोन्ही.

"क्या हुआ?" अबू सालेमनं विचारलं.

नसीमनं सांगितलं. गुहा, मास्क, पहाटेचं सगळं, तिच्या हिंदीत, हातवारे करून. तो ऐकत गेला, आपली दाढी मुठीत धरली आणि इतका हसला की बोट हलली. मग एकदम थांबला, उजवा हात छातीवर ठेवला आणि मला म्हणाला, "भाई, मेरे को पूछना था. एक फोन. खलास."

विचारायला हवं होतं, खरं आहे. पण मास्क आणि दाढी हा आमच्या प्लांटवर प्रश्न नसतोच. उत्तर गेटवर फलकावर लिहिलेलं असतं आणि मी ते एकवीस वर्षं वाचत आत गेलो.

"अभी एक फायदा है," तो म्हणाला. "मूछ भी साफ. तुम्हारा मास्क सबसे टाइट बैठेगा. यल्ला, चलो!"

बोट अर्धा तास आत गेली. नांगर टाकत नाहीत, पाण्यात बांधून ठेवलेल्या बोयाला दोर लावतात, म्हणजे खालच्या प्रवाळांना धक्का लागत नाही. अबू सालेमनं नियम सांगितले. काही धरायचं नाही, कशावर उभं राहायचं नाही, दमलात तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. सनानं अंगभर पोहण्याचा पोशाख घातला होता, डोक्यावर घट्ट टोपी. आम्ही शिडीवरून उतरलो. तिनं माझं मनगट धरलं. मी नळी दातांत धरली, बिस्मिल्लाह म्हटलं आणि तोंड खाली घातलं.

आमच्या खाडीत गुडघाभर पाण्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत. आम्ही पाणी पायांनी आणि जाळ्यानं ओळखायचो, डोळ्यांनी नाही. मला वाटायचं, समुद्राला फक्त वरची बाजू असते.

खाली पंधरा-वीस फुटांवर एक वस्तीच होती. ताटासारखे पसरट प्रवाळ एकावर एक, मेंदूसारखे गोल, हरणाच्या शिंगांसारखे फुटलेले, जांभळे, पिवळे, काही नुसते मातकट. उन्हाच्या जाळ्या त्यांच्यावरून सरकत होत्या. पिवळे मासे दोन-दोनच्या जोडीनं हिंडत होते, लग्नाला निघाल्यासारखे. आणि सगळीकडून बारीक कुरकुर ऐकू येत होती, कुणी चणे खातंय अशी. सनानं बोट दाखवलं. निळा-हिरवा पोपटासारखा मासा चोचीनं प्रवाळ खरवडत होता. तोच आवाज. समुद्राला आवाज असतो, आतून, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

मी सुभानअल्लाह म्हणालो. नळीतून नुसतं हुं-हुं-हुं आलं. सना हसली, तिच्या नळीतून बुडबुडे आले. तरी मी म्हणतच राहिलो. ज्याला ऐकायचं त्याला नळीची अडचण नाही.

पुढे गेलो तर वस्ती एकदम संपली आणि खाली निळं, फक्त निळं, तळच नाही. मी पाय मारायचा थांबलो. सनानं मनगट आणखी घट्ट धरलं आणि त्या कडेवर तरंगत राहिली, न हलता. तिचा चेहरा मास्कमधून दिसत होता. भिंतीवरची चित्रं ज्या डोळ्यांनी ती बघायची तेच डोळे. खालून एक मोठा तपकिरी मासा अगदी सावकाश वर आला, आमच्याकडे बघितलं आणि दगडाखाली गेला. गोबरा. बाजारात मी त्याला शंभरदा पाहिलाय, पण त्यानं मला पहिल्यांदाच पाहिलं.

जीभ खारट झाली ती नळीतल्या थेंबामुळे. मास्कमध्ये दीड तासात एक थेंब शिरला नाही.

वर आलो तेव्हा नसीम बोटीच्या कडेला ओणवी होती. तिनं टॉवेल पुढे केला. "काय दिसलं?"

"मम्मी, पॅरटफिश, बटरफ्लायफिश, अ ह्यूज हमूर..." सना बोलत सुटली, इंग्रजी, हिंदी, आमची कोकणी, सगळं एकत्र. हमूर म्हणजे तोच गोबरा.

"केवढा होता?" नसीमनं मला विचारलं. मी हातानं दाखवलं. "आणि नुसता बघून आलास?"

मग आम्ही मास्क काढले आणि नसीम म्हणाली, "दोघं बघा तरी कसे दिसताय." कपाळावरून, गालांवरून, नाकाखालून लाल वळ. सनानं फोनमध्ये स्वतःला बघितलं, मग मला. ती लहान असताना मी शिफ्टवरून आलो की मांडीवर चढायची आणि माझ्या चेहऱ्यावरचा मास्कचा वळ बोटानं गिरवायची, कानापासून हनुवटीपर्यंत आणि पलीकडे. परत-परत. मला वाटायचं ती खेळतेय.

"आय यूज्ड टु थिंक इट हर्ट," ती म्हणाली.

"नाही दुखत. खाज येते."

परतीच्या ट्रेनमध्ये नसीमला झोप लागली. सना माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, या वेळी आमच्या भाषेत, "तू मला विचारायचं होतंस. मला म्हाईत होतं, साधे मास्क पण असतात."

"विचारलं असतं आणि तुला म्हाईत नसतं, तर? दाढी काढू दिली असतीस?"

तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं.

याला आता पाच आठवडे झाले. परतल्यावर पहिल्या जुम्म्याला मशिदीत एकानं विचारलंच, "काय, पुन्हा प्लांटवर घेतलं काय तुला?" मी हसलो. हात हनुवटीवर गेला नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं. दाढी वाढते आहे. या वेळी पांढरी जास्त दिसते. सनाचं सामान बांधायला सुरुवात झाली आहे, भिंतीवरची चित्रं तिनं काढली, त्या जागी भिंत थोडी उजळ राहिली आहे. कपाटाच्या दारावरचे मासे मात्र मी तिला काढू दिले नाहीत.

जाणाऱ्यांना सांगतो. एप्रिल चांगला, पाणी कोमट असतं. गुहेला गुडघे धड असतील तरच जा. आणि दाढी असेल तर गाईडला आधी फोन करून साधा मास्क मागा. दाढी राहू द्या, काही अडत नाही.

मला मात्र पुन्हा पोरीबरोबर जायचं झालं आणि फोन लागला नाही, तर मी वाट बघणार नाही. रेझर बॅगेत आहे.